खालचा आकडा विचारू या : साथरोगशास्त्राची तोंडओळख

(छत्रपती संभाजीनगर येथे परिचारिका, आरोग्यसेविका, तरुण डॉक्टर आणि संशोधन करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी डॉक्टर नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून मराठवाड्यात स्त्रियांच्या आरोग्याच्या प्रश्नावर काम करते आहे. साथरोगशास्त्रावर बोलायला मला सांगितलं, त्यामागे आयोजकांचा विचार असा, की हे शास्त्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतीआड ठेवण्यासारखं नाही. गावात नोंदवही घेऊन फिरणाऱ्या बाईला ते सगळ्यात आधी यायला हवं. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी आयुष्यात शेकडो रकाने भरले असतील. ते रकाने पुढे कुठे जातात, त्यांचा अर्थ कोण लावतं आणि तो अर्थ बरोबर असतो का, एवढंच आज आपण बघणार आहोत.

नावापासून सुरुवात करू. साथरोग म्हटलं की आपल्याला पटकी, प्लेग, करोना आठवतो. हे शास्त्र वाढलं ते साथींमध्येच. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी सरकारनं साथरोग कायदा केला. मोजणीच्या आणि झडतीच्या नावाखाली लोकांच्या घरात शिरण्याची मुभा अधिकाऱ्यांना मिळाली. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना जी वागणूक मिळत होती, तिच्याबद्दल पंडिता रमाबाईंनी तेव्हा वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्रात लागू झाला तो हाच १८९७ चा कायदा. मोजणारा कोण, कुणाला मोजतो आणि कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या दारात उभा आहे.

पण हे शास्त्र आता फक्त साथींचं राहिलेलं नाही. रक्तपांढरी, कर्करोग, मारहाण, आत्महत्या, अगदी शस्त्रक्रियासुद्धा त्याच्या कक्षेत येतात. डॉक्टर समोरच्या एका बाईकडे बघतो. साथरोगशास्त्र त्या बाईच्या मागे असलेल्या सगळ्या गावाकडे बघतं, आणि दवाखान्यापर्यंत जी कधी पोचलीच नाही तिच्याकडेही बघतं. त्याचे प्रश्न साधे आहेत. कुणाला झालं? कुठे झालं? केव्हा झालं? आणि ह्या तिन्हींची उत्तरं हाती आली की मग, कशामुळे झालं?

आपण सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया.

वरचा आकडा आणि खालचा आकडा

२०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, अशी माहिती तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात दिली. आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण तो ऐकल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा? किती जणींपैकी?

४,६०५ हा वरचा आकडा, म्हणजे अंश. खालचा आकडा, म्हणजे छेद, त्यात नाहीच. बीड जिल्ह्यात बाया किती, त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या किती, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ऊसतोडीच्या किती आणि बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या किती, हे नुसत्या ४,६०५ वरून सांगता येत नाही. हा आकडा खोटा नाही. तो अर्धा आहे.

पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं चौकशी समिती नेमली. तिच्यासाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आता अंश आहे आणि छेदही आहे. भागाकार करा. शंभरातल्या जवळजवळ सतरा जणी. आता आपण काहीतरी बोलू शकतो.

छेदाबद्दल एक सवय लावून घ्या. ज्या बाईला ती गोष्ट होऊ शकते, तीच बाई छेदात धरायची. गर्भाशयाची टक्केवारी काढताना खाली पुरुषही धरून जिल्ह्याची सगळी लोकसंख्या घेतली, तर टक्का निम्म्यावर येतो आणि प्रश्न लहान दिसायला लागतो. कुणी मुद्दाम करतं, कुणी घाईत करतं. परिणाम एकच.

काही वेळा अंश छेदाचा भाग नसतो, तेव्हा त्याला गुणोत्तर म्हणतात. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ह्या ८०७ मुली त्या हजारातल्या नाहीत, हजाराच्या शेजारी उभ्या आहेत. मातामृत्यूचंही तसंच आहे. २०१८-२० साठी महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण ३३ दिलं गेलं. हे ३३ दर लाख बायांमागे नाहीत, दर लाख जिवंत जन्मांमागे आहेत. गर्भपातात गेलेली बाई वर मोजली जाते, पण तिच्या त्या गरोदरपणाला खाली जागा नाही. बाईच्या मरणाचं माप बाळांच्या संख्येवर बेतलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून ते वापरा.

जुनं किती, नवं किती

४,६०५ आणि १३,८६१ हे दोन आकडे बातम्यांमधून एकाखाली एक छापले गेले. ते एका जातीचे नाहीत.

पाण्याचा रांजण डोळ्यांसमोर आणा. आत्ता रांजणात किती पाणी आहे, हा एक प्रश्न. रोज त्यात नवीन किती घागरी पडतात, हा दुसरा. १३,८६१ हे रांजणातलं साठलेलं पाणी आहे. काल शस्त्रक्रिया झालेली आणि पंधरा वर्षांपूर्वी झालेली, दोघी त्यात आहेत. ४,६०५ ह्या तीन वर्षांत पडलेल्या घागरी आहेत. साठलेल्याला इंग्रजीत प्रिव्हलन्स म्हणतात, नव्यानं पडणाऱ्याला इन्सिडन्स. आपण साठा आणि भर म्हणू.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण त्यावर आपली पुढची सगळी लढाई अवलंबून आहे. २०१९ नंतर बीडमध्ये नियम आला, की खासगी रुग्णालयानं गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. हा नियम लागू पडला की नाही, हे कशावरून ओळखायचं? साठ्यावरून ते लगेच कळणार नाही. काढलेलं गर्भाशय परत येत नाही, त्यामुळे उद्यापासून एकही शस्त्रक्रिया झाली नाही तरी शंभरात सतरा हा आकडा बरीच वर्षं तसाच दिसेल. कुणी तो दाखवून म्हणेल, नियमाचा काही उपयोग नाही. आपण म्हणायचं, नवी भर दाखवा. गेल्या वर्षी किती, त्याच्या आदल्या वर्षी किती, कोणत्या वयाच्या.

आणि भर मोजायची ती बाईच्या गावावरून, रुग्णालयाच्या पत्त्यावरून नाही. बीडमध्ये परवानगी लागते म्हटल्यावर बाईला अहिल्यानगरला, सोलापूरला किंवा आपल्या संभाजीनगरला नेलं, तर बीडच्या रुग्णालयांचा आकडा कमी दिसेल आणि बाईचं व्हायचं ते होईलच. गावातली नोंदवही हे पकडू शकते. रुग्णालयाचं रजिस्टर पकडू शकत नाही.

तुलना कुणाशी?

शंभरात सतरा जास्त की कमी? तुलनेशिवाय सांगता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात २.६ होतं. सतरा भागिले २.६, म्हणजे साडेसहा पट, असं आपण लगेच फलकावर लिहून टाकतो.

थोडं थांबू या. त्या राज्याच्या आकड्यात पंधरा वर्षांच्या शाळकरी मुली आहेत, लग्न न झालेल्या आहेत, मुंबई-पुण्याच्या आहेत. ऊसतोडीच्या पाहणीतल्या बायांचं वय तसंच असेल असं नाही. वय बदललं की सगळं बदलतं. एक काल्पनिक उदाहरण देते. दोन गावं आहेत, दोन्हीत शंभर शंभर बाया. दोन्ही गावांत तिशीच्या आतल्या बायांमध्ये दहा टक्के शस्त्रक्रिया आणि तिशीच्या वरच्यांमध्ये तीस टक्के, म्हणजे धोका अगदी सारखा. पण पहिल्या गावात ८० जणी तिशीच्या आतल्या आणि २० जणी वरच्या. तिथे आठ अधिक सहा, एकूण चौदा शस्त्रक्रिया. दुसऱ्या गावात ३० तिशीच्या आतल्या आणि ७० वरच्या. तिथे तीन अधिक एकवीस, एकूण चोवीस. धोका सारखा असूनही चौदा आणि चोवीस! फरक फक्त वयाचा.

म्हणून आकडा वयोगटाप्रमाणे मांडायचा. पंचविशीच्या आतल्या किती, पंचवीस ते एकोणतीस किती, तीस ते चौतीस किती. तसं केलं म्हणजे आपली बाजू पडते असं समजू नका. उलट ती भक्कम होते. पन्नाशीत गर्भाशय काढणं आणि सव्विसाव्या वर्षी काढणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो एकूण टक्केवारीत बुडून जातो.

कार्यकर्त्यांना माझं हे बोलणं कधी कधी आवडत नाही. त्या म्हणतात, एका बाईचं विनाकारण गर्भाशय काढलं तरी तो अन्यायच, मग आकड्यांचा हा काथ्याकूट कशाला? एका बाईच्या पाठीशी उभं राहायला आकडा लागत नाही, हे अगदी खरं. पण धोरण बदला, रुग्णालयं तपासा, पैसा द्या अशी मागणी घेऊन आपण जातो, तेव्हा समोरचा आपल्या आकड्यातलं भोक शोधतो. एक भोक सापडलं की सगळी मागणी त्यातून गळून जाते. शिवाय फुगवलेल्या आकड्याचा मार शेवटी बाईलाच बसतो. २०१९ मध्ये ‘गर्भाशय नसलेल्या बायांची गावं’ अशा अर्थाचे मथळे छापून आले. त्या गावातल्या मुलींनी सासरी काय ऐकायचं?

कोण मोजलं गेलं, कोण राहिलं

समजा, तुम्ही डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावर पाहणीला गेलात. घरी कोण भेटेल? म्हातारी माणसं आणि लहान मुलं. कामाच्या वयाच्या बाया कारखान्याच्या हद्दीत, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कोपीत राहताहेत. ज्यांच्याबद्दल पाहणी करायची त्याच यादीत नाहीत. आणि ह्या दिवसांत जी तरुण बाई घरी सापडली, ती ऊसतोडीला का गेली नाही? कदाचित नुकतीच शस्त्रक्रिया झाली म्हणूनच ती राहिली असेल. मग तुमचा टक्का एकदम वाढेल. ह्याला निवडीचा दोष म्हणतात. तो टाळायचा तर हंगाम संपून माणसं परत आल्यावर जायचं, किंवा फडावरही जायचं आणि गावातही जायचं.

रुग्णालयातल्या आकड्यांचंही असंच. आपल्या घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणीकडूनही बाया येतात. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांपैकी किती जणींना अमुक आजार, हे सांगता येईल. पण मराठवाड्यातल्या किती जणींना, हे त्यावरून सांगता येणार नाही. येण्याजोगं भाडं जिच्याकडे होतं, जिला कुणी सोबत आणलं, जिचं दुखणं सोसण्यापलीकडे गेलं, तीच तिथे पोचली.

ही भिंत ओलांडून दाखवलेलं एक काम आपल्याच राज्यातलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. रुग्णालयाचं रजिस्टर उघडून हा ९२ कधीही दिसला नसता, कारण त्या रजिस्टरात ह्या बाया नव्हत्याच. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जाई. त्या अभ्यासानं ती समजूत हलवली, जगभर हलवली.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के, पण आजार निघाला ९२ टक्क्यांत. म्हणजे नुसतं विचारून मोजलं असतं तर कितीतरी जणी सुटल्या असत्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, ह्याला बाया आजार समजतच नाहीत. बाईच्या जातीला हे असायचंच, असं आईनं सांगितलेलं असतं.

ह्यातून प्रश्न कसा विचारायचा हेही शिकायला मिळतं. ‘तुमचं ऑपरेशन झालंय का?’ असं विचारलंत तर नसबंदी झालेलीही हो म्हणेल, सिझेरियन झालेलीही हो म्हणेल. ‘पिशवी काढली का?’ विचारलं तर काही जणी गर्भपिशवी साफ केली त्यालाही हो म्हणतात. म्हणून दोन-तीन अंगांनी विचारा. ऑपरेशननंतर पाळी कायमची बंद झाली का? पोटावर वण आहे का, कुठे? कागद आहे का? आणि विचारताना सासू, नवरा, मुकादम शेजारी बसलेला नसावा. समोर माणसं बदलली की उत्तर बदलतं.

कशामुळे?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ऊसतोड करणाऱ्या बायांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण जास्त आहे. मग ऊसतोडीमुळे गर्भाशय काढावं लागतं का?

दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, असं नसतं. मध्ये तिसरं कुणी असू शकतं. आपल्या ह्या प्रश्नात असे बरेच तिसरे आहेत. लग्न सोळा-सतराव्या वर्षी. विशीच्या आसपास दोन-तीन बाळंतपणं, लगेच नसबंदी. त्यानंतर, ‘आता पिशवीचं काय काम?’ हे सगळ्यांच्या तोंडी. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार, मग पाळीचे चार दिवस परवडणार कसे? डोक्यावर मोळी, राहायला कोपी, ना संडास ना न्हाणी, पाणी लांब. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं. सरकारी दवाखाना दूर, खासगी जवळ. तिथे सोनोग्राफी होते आणि ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. घाबरलेली बाई कर्ज काढते. शस्त्रक्रिया होते. कर्ज फेडायला परत उचल.

ही साखळी मी सांगितली तशी खरी वाटते. पण कोणती कडी किती जड आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी तुलना लागते. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, तेवढ्याच वयात लग्न झालेल्या, पण ऊसतोडीला न जाणाऱ्या शेतमजूर बाया शोधा. त्यांच्यात प्रमाण बरंच कमी निघालं, तर बोट ऊसतोडीच्या कामाकडे जातं. त्यांच्यातही तेवढंच निघालं, तर बोट जातं ते लहान वयातलं लग्न आणि भागातली खासगी रुग्णालयं यांच्याकडे. दोन्हींवर करायची कारवाई वेगळी आहे. पहिल्यात साखर कारखान्याला आणि मुकादमाला जाब विचारायचा, दुसऱ्यात डॉक्टरांना आणि आरोग्य खात्याला.

क्रमही विचारा. पहिला हंगाम कोणत्या वर्षी केला आणि पिशवी कोणत्या वर्षी काढली? कारण आधी आणि परिणाम नंतर यायला हवा. एका भेटीच्या पाहणीत हे दोन्ही एकदम समोर येतं आणि क्रम हरवतो. वर्ष आठवत नसेल तर धाकट्या मुलाच्या जन्मावरून, दुष्काळाच्या सालावरून लावून घ्या.

गर्भाशय काढण्याचा प्रश्न फक्त बीडचा नाही, हेही इथे सांगायला हवं. बिहार, छत्तीसगढ, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयानं निकाल दिला आणि अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असं सांगितलं. त्या प्रकरणात मुद्दा ऊसतोडीचा नव्हता, तरीही प्रश्न होता. कारणं शोधताना हे विसरून चालणार नाही.

निम्मे मृत्यू, हजारात एक

शेवटचं उदाहरण धाराशिवचं, तेव्हाच्या उस्मानाबादचं. इथल्या बाया जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत आहेत आणि मराठवाड्यातल्या फार थोड्या जणींना ते माहीत आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणती तपासणी उपयोगी, हे बघण्यासाठी १९९९ पासून तिथे मोठा प्रयोग झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय संस्था त्यात होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाची कोणतीच तपासणी नाही. चिठ्ठ्या टाकण्याचा फायदा हा, की वय, गरिबी, शिक्षण ह्या सगळ्या ‘तिसऱ्या’ गोष्टी चारही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. मग फरक दिसला तर तो तपासणीचाच, असं म्हणता येतं.

निकाल २००९ मध्ये छापला गेला. आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४ जणी ह्या कर्करोगानं गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ गेल्या. भागाकार करा. हजारात एक आणि हजारात दोन.

हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘मृत्यू निम्म्यावर आले’, हेही खरं. ‘हजारात एक मृत्यू टळला’, हेही खरं. तपासणीचं यंत्र विकणारा पहिलं वाक्य वापरेल, पैसे वाचवणारा खजिनदार दुसरं. आपण दोन्ही विचारायची. आणि एवढं ध्यानात ठेवायचं, की हजारात एक म्हणजे एकट्या त्या गटाच्या संख्येत तीसेक बाया, तीसेक घरं.

आता चौथ्या गटाकडे वळू. त्या बायांना आजाराची माहिती दिली, कुठे जायचं ते सांगितलं, पण तपासणी दिली नाही. ह्यावर पुढे मोठा वाद झाला. अमेरिकेतल्या टीकाकार डॉक्टरांचं म्हणणं होतं, की पॅप तपासणीनं जीव वाचतात हे श्रीमंत देशांत कधीचंच माहीत होतं, मग एका गटाला उपेक्षित का ठेवलं? संशोधकांचं उत्तर होतं, की भारतातल्या खेड्यात तेव्हा अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती, म्हणून तुलनेचा गट तोच. दोन्ही बाजूंनी ही चर्चा इंग्रजीत झाली. मला विचाराल तर, ‘इथे आधीच काही मिळत नाही’ हे संशोधकाला कारण म्हणून पुरतं, पण आपल्याला पुरू नये. जिच्या वाट्याला उपेक्षा आहे तिचीच उपेक्षा शास्त्राची मोजपट्टी व्हावी, हे स्वस्त पडतं म्हणून होतं. मात्र त्या अभ्यासातून आलेलं ज्ञानही खरं आहे आणि ते त्या ६४ जणींच्या जिवावर आलेलं आहे. मग त्याचा पहिला लाभ धाराशिवच्या बाईला मिळाला का, हा प्रश्न आपण सतत विचारायला हवा.

आपल्या वहीसाठी

इथून परत गेल्यावर काय करायचं? आपल्या बचतगटाच्या, आशाताईंच्या किंवा संघटनेच्या पातळीवर होण्यासारखं एवढं तरी करू या.

एक, आधी छेद. गावातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायांची वयोगटाप्रमाणे यादी करा. जी हंगामाला बाहेर गेली आहे तिचंही नाव यादीत हवं, ‘बाहेर’ अशी खूण करून.

दोन, नवी भर वर्षाप्रमाणे लिहा. शस्त्रक्रियेचं वर्ष, तेव्हाचं वय, कारण काय सांगितलं, कोणत्या जिल्ह्यात झाली, खासगी की सरकारी, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला होता का, कागद मिळाला का. एवढे रकाने पुरे. जास्त रकाने केले की खरे कमी भरले जातात.

तीन, नाव आणि माहिती वेगवेगळ्या वह्यांत ठेवा, मध्ये फक्त क्रमांक. वही गावात कुणाच्याही हाती पडू शकते. बाईला आधी सांगा की नाही म्हणायचा तिला हक्क आहे, आणि नाही म्हटल्यानं तिचं रेशन किंवा लाभ बंद होणार नाही.

चार, लहान आकड्यांवरून मोठं बोलू नका. वीस घरांच्या तांड्यावर तीन जणी निघाल्या तर ‘पंधरा टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘विसांत तीन’ लिहा. वाचणाऱ्याला कळू द्या की किती जणींवरून बोलतोय.

पाच, आकडा आधी बायांना दाखवा, मग अधिकाऱ्यांना. त्यांच्यासमोर मांडला की त्याच सांगतील, ह्यात कोण सुटलं आणि कोण दोनदा धरलं गेलं. एवढी पक्की तपासणी दुसरी कुणी करून देणार नाही.

शास्त्र अवघड शब्दांचं असतं असं आपल्याला भासवलं जातं. अंश, छेद, साठा, भर, तुलना, क्रम. घर चालवणारी बाई हे रोज करते. महिन्याचं किती आलं, किती गेलं, गेल्या वर्षीपेक्षा जास्त का गेलं, कुणामुळे गेलं, हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात असतो. तोच हिशेब आता आपल्या शरीराचा मांडायचा आहे, आणि तो मांडून झाल्यावर शल्यचिकित्सकांच्या, कारखान्याच्या आणि शासनाच्या टेबलावर ठेवायचा आहे. तुम्ही इथे शिकायला आलात, पण जाताना प्रत्येकीनं आपल्या गावाची यादी किती दिवसांत पुरी होईल ते फळ्यावर लिहून जावं, अशी माझी विनंती आहे. पुढच्या वर्गात आपण त्या याद्यांवरूनच शिकू.